कळीच्या वाढदिवसाचं फूल

या मित्रांनो, पण पळत येऊ नका, आणि माझ्या दारासमोर तर मुळीच उभे राहू नका. घरच्या लोकांची ये-जा चालू असते, वाट अडवली की त्यांना राग येतो. बाजूने या. हं, असे. आता बसा.

मी एक जुनी मधपेटी आहे. मधमाश्यांचं लाकडी घर. लांबून पाहिलंत तर कुणीतरी टाकून दिलेला खोका वाटेल. माझा निळा रंग उडाला आहे, झाकण एका अंगाला कललं आहे आणि उजव्या बाजूची लाकडाची गाठ कधीच गळून पडली आहे. तिथे पडलेलं भोक माझ्या माश्यांनी झाडांची चिकट राळ आणून आतून बुजवलं. सुताराकडे हेलपाटे घालायची त्यांची पद्धत नाही. मला बोलायची सवय नाही, गुणगुणायची आहे. पण ही गोष्ट मी सांगितली नाही तर कुणीच सांगणार नाही, कारण ज्यांच्या हातून ती घडली ते सगळे तिचा विषय निघाला की थोडे लाजतात.

मला बनवलं ते दारं-खिडक्या करणाऱ्या एका सुतारकाकांनी. त्यांनी त्याआधी कधी मधपेटी पाहिलीही नव्हती. मला करून घेणारी मधमावशी तेव्हा अगदी तरुण होती आणि मधमाश्या पाळण्याचा तिचा उद्योगही नवा होता. तिने मापं सांगितली. आत चौकटी टांगायला खाचा हव्यात, वर उघडता येणारं झाकण हवं आणि खाली बोटभर उंचीचं दार हवं. काकांनी पेन्सिल कानावर खोचली.

"एवढ्याशा दारातून कोण आत जाणार?"

"माश्या जाणार, काका."

"आणि भाडं?"

"मधात देतात."

"मग माझ्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकऱ्यांपेक्षा बऱ्या," काका म्हणाले आणि त्यांनी मला मन लावून ठोकलं. झाकण मात्र तेव्हापासूनच जरा तिरकं आहे. ते म्हातारपणाचं लक्षण नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.

खिडक्यांना लावून उरलेला निळा रंग मला मिळाला. मधमावशीने मला चार पायांच्या घोडीवर ठेवलं आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची एकेक वाटी ठेवली, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. मग एका संध्याकाळी तिने एका फांदीला लटकलेला माश्यांचा घोस हळूच माझ्यात झाडला. मित्रांनो, रिकामं घर भरतं तेव्हा काय वाटतं ते मला विचारा. रात्रभर माझ्या भिंती थरथरत होत्या, आणि मला वाटत होतं की आता मी खरी झाले.

आम्हा पेट्यांचं आयुष्य बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांचं असतं. जिथे फुलं, तिथे आम्ही. संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्या की मधमावशी आमची दारं जाळीच्या पट्टीने बंद करायची, आम्हाला टेम्पोत चढवून दोरीने आवळायची आणि उजाडायच्या सुमाराला नव्या जागी उतरवायची. कधी सूर्यफुलाचं रान, कधी मोहरीचं. पण मी वर्षभर वाट पाहायची ती एकाच जागेची. ती म्हणजे सफरचंदाची एक बाग.

बाग फार मोठी नव्हती. पुढे एक लाकडी फाटक होतं, फाटकाला खेटून सगळ्यांत जुनं झाड होतं, आणि मागे एक उंच दगडी भिंत होती. भिंतीच्या सावलीत ऊन उशिरा पोहोचायचं, म्हणून तिथे थोडं आडोशाला आम्हाला ठेवायचे. बागेचे मालक तेव्हा दांडग्या आवाजाचे आणि दांडग्या मिशांचे होते. ते मधमावशीहून वयाने मोठे होते, तरी जगाबरोबर तेही तिला मावशीच म्हणायचे.

त्यांना एकच मुलगी. तिचं नाव कळी पडलं ते असं. ती जन्मली त्या सकाळी फाटकाजवळच्या झाडाची पहिली कळी उमलली होती. बाबांनी ते फूल तोडून आणलं आणि बाळाच्या कानामागे ठेवलं. तेव्हापासून त्या घरात एक रिवाज पडला. दरवर्षी कळीच्या वाढदिवशी सकाळी आईने बागेतलं पहिलं फूल शोधून आणायचं आणि तिच्या कानामागे खोचायचं. त्याशिवाय केक कापायचा नाही.

मधमावशीने पहिल्या वर्षी विचारलं होतं, "भाऊ, पेट्या कधी आणू?"

"कळीच्या वाढदिवसाला," ते म्हणाले. "त्याच दिवशी पहिलं फूल येतं. दुसरं काही बघायची गरज नाही."

आणि तेव्हा ते खरंही होतं. मी पाहिलं आहे ना. वाढदिवसाच्या सकाळी झाडं गुलाबी कळ्यांनी गच्च भरलेली असायची आणि उमललेलं फूल औषधालाही नसायचं. आई एकेक फांदी वाकवून शोधायची. बाबा कळीला खांद्यावर घ्यायचे आणि ती वरून ओरडायची, "इकडे नाही, तिकडे पण नाही." एका वर्षी तर एकही फूल उमललं नव्हतं. मग आईने एक टपोरी कळी आणून कोमट पाण्याच्या ग्लासात ठेवली. सगळं घर ग्लासाभोवती बसलं. दुपारी ग्लासातल्या कळीची एक पाकळी उलगडली आणि तेवढ्यावर केक कापला गेला. माझ्या माश्यांना तोवर परिसराची ओळख होऊन जायची. त्या गोल गोल उडत भिंत, झाडं, घराचं छप्पर लक्षात ठेवायच्या. मग बहर उघडायचा आणि आमची झुंबड उडायची.

ते माझे सोन्याचे दिवस होते. फुलाफुलांतून पराग इकडचा तिकडे व्हायचा आणि फळं अशी धरायची की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागायचे. बाबा माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायचे, "ही निळी पेटी म्हणजे आमची लक्ष्मी आहे." थाप जरा जोरातच असायची. आतल्या माश्या वैतागायच्या, पण मला बरं वाटायचं. कौतुक कुणाला आवडत नाही?

वर्षं गेली. कळीची उंची वाढली, तिला चष्मा लागला, ती शिकायला शहरात गेली आणि दातांची डॉक्टर झाली. मधमावशी दरवर्षी तिला मधाची बाटली द्यायची आणि म्हणायची, "तुझ्या धंद्याला हातभार." दातांच्या डॉक्टरला मध, म्हणून दोघी दरवर्षी त्याच विनोदाला हसायच्या. कळी वर्षातून एकदा, वाढदिवसाला, न चुकता घरी यायची. एवढी मोठी बाई, पण सकाळी उठून केस न विंचरता दारात उभी राहायची, कारण आधी फूल आणि मग कंगवा.

आणि इथेच कुठेतरी, मित्रांनो, काहीतरी हलायला लागलं.

आधी एवढंच झालं की आईला शोधावं लागेना. हात वर केला की फूल. मग एका वर्षी आम्ही टेम्पोतून उतरलो तर अख्खी बाग पांढरीशुभ्र. घरचे सगळे हरखले. "यंदा झाडांनीच वाढदिवस साजरा केला," बाबा म्हणाले. कुणाच्या मनाला शंका शिवली नाही. बदल जर देखणा असेल तर कुणी त्याला बदल म्हणत नाही, हे मी तेव्हा शिकले. पुढे एका वर्षी केकवर पाकळ्या गळत होत्या. तेही छानच दिसलं. मग एक वर्ष असं आलं की आमची दारं उघडली, माझ्या माश्या उत्साहाने बाहेर पडल्या आणि थोड्याच वेळात रिकाम्या हातांनी परत आल्या. जमिनीवर तपकिरी झालेल्या पाकळ्यांचा सडा पडला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसे आम्ही पोहोचलो होतो.

तुम्ही म्हणाल, बाबा तर बागेतच राहत होते, त्यांना दिसलं नाही का? दिसलं होतं. पण त्यांनी त्यासाठी एक शब्द काढला होता. वाढदिवसाच्या आधी जी फुलं यायची त्यांना ते 'फसवी फुलं' म्हणायचे. "एक-दोन दिवस ऊन पडलं की झाडं फसतात," ते सांगायचे. "ती फुलं धरायची नाहीत. खरा बहर कळीच्या वाढदिवसापासून." शब्द सापडला की माणूस विचार करायचं थांबतो. दरवर्षी फसवी फुलं वाढत गेली आणि खरी कमी होत गेली, पण शब्द तोच राहिला.

याला आणखी एक कारण होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

मागच्या भिंतीच्या सावलीत थंडी रेंगाळते. तिथली दोन-तीन झाडं बाकीच्यांपेक्षा उशिरा फुलतात. ती आळशी नाहीत, त्यांच्याकडे ऊनच उशिरा येतं. आम्हाला मांडून, दारं उघडून मधमावशी घरात चहाला गेली की कळीची आई एकटी भिंतीपाशी यायची. इकडेतिकडे बघायची, टाचा उंच करायची आणि आतल्या फांदीवरचं एक फूल तोडायची. मग फाटकापर्यंत जाऊन तिथून घरात शिरायची, जणू फूल फाटकाजवळच्या झाडाचंच. जाताना एकदा तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी काय सांगणार होते? पण खरं सांगते, तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. लेक एवढ्या लांबून येते, तिला झाडाने विसरू नये, एवढंच त्या माउलीला हवं होतं.

पण त्या गोड फुलाने फार कडू काम केलं. फळं कमी होत गेली. पहिल्यांदा टेकू लागेनासे झाले, मग टोपल्या कमी लागू लागल्या. रानातल्या माश्या आणि भुंगे येऊन जमेल तेवढं करत होते, पण एवढ्या झाडांना ते कुठे पुरणार? दोष आला तो आमच्यावर. "तुमच्या माश्या आळशी झाल्या आहेत, मावशी," बाबा म्हणाले. "आयता मध खाऊन लोळतात."

"माश्या लोळत नसतात हो भाऊ. कामावर गेल्या आणि दुकानाला कुलूप दिसलं तर त्या काय करणार? मला वाटतं, पुढच्या वर्षी पेट्या थोड्या आधी आणाव्यात."

"वाढदिवस काय दरवर्षी पुढेमागे सरकतो? ते बघा." आणि ते कळीकडे बोट दाखवायचे. कळीच्या कानामागे ताजं फूल असायचं. "आजच उमललं आहे. आमचं झाड एक दिवससुद्धा चुकत नाही."

मधमावशी हात झटकून पेट्यांकडे वळायची. समोर फूल दिसत असताना वाद कसा घालणार? आई चहाच्या कपात बघत राहायची. दरवर्षी हेच.

माझ्या झाकणावरची थाप बंद झाली. रंगाचा हात फिरेनासा झाला. आणि मग एका वर्षी आम्ही बागेत उतरलो तर प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर लाल रंगाची एक फुली होती. फाटकाजवळच्या झाडावरही होती.

"हे काय?" मधमावशीने विचारलं.

"करवतवाल्याशी बोलणं झालं आहे," बाबा दुसरीकडे बघत म्हणाले. आवाज दांडगा राहिला नव्हता. "यंदाचं शेवटचं. फळ धरलं नाही तर झाडं उतरवायची. म्हाताऱ्या झाडांना किती दिवस पोसायचं?"

कळीला हे फोनवर कळलं होतं. ती रात्रीच येऊन पोहोचली होती आणि बापलेकीचं नीट बोलणं झालं नव्हतं. तिने 'तोडू नका' म्हटलं होतं, त्यांनी 'मग तू येऊन सांभाळ' म्हटलं होतं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच दोघं रुसले होते. ही बाग गेली असती तर कळीचा वाढदिवस उरला असता, पण तिचं नाव कशावरून पडलं ते दाखवायला काही उरलं नसतं. आणि माझ्या माश्यांना ती जागा पुन्हा कधी दिसली नसती. त्या सकाळी मी माझ्या घोडीवर बसून एकच गोष्ट मनात म्हणत होते, की एवढं एक वर्ष फळ धरू दे.

पण मला दिसत होतं की धरणार नाही. त्या हिवाळ्यात थंडी जेमतेम तोंड दाखवून गेली होती. बहर कधीच येऊन गेला होता.

रस्त्यात टायर पंक्चर झाल्यामुळे आम्हाला उशीर झाला होता, म्हणून मधमावशी अजून चहाला गेली नव्हती. ती माझ्या पायाखालच्या वाट्यांत पाणी ओतत होती. तेवढ्यात कळीची आई आली. तिचं मधमावशीकडे लक्षच नव्हतं. ती पहिल्या झाडाखाली गेली, फांदी वाकवली, सोडून दिली. दुसऱ्या झाडाखाली गेली. तिसऱ्या झाडाला तर तिने पूर्ण वळसा घातला. कुठेच फूल नव्हतं. फुलांच्या जागी हिरवे, लवदार, वाटाण्याएवढे गोळे होते, तेही मोजकेच. ती शेजारच्या पालथ्या टोपलीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर उघडे टाकून बघत राहिली.

"वहिनी, काय शोधताय?" मधमावशीने विचारलं.

आई दचकली. उत्तर देणार तोच कळी आली, केस न विंचरलेले, पायात बाबांच्या चपला.

"आई, तू इथे काय करतेस? मी फाटकाजवळ बघून आले. झाडावर एकही फूल नाही गं."

"तिथे नसतंच," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"किती वर्षं झाली, तिथे नसतंच. मी इथलं आणते. या सावलीतलं. यंदा इथेही नाही." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू लांबून येतेस. तुझ्या कानामागे काय ठेवू?"

कळी तिच्यासमोर उकिडवी बसली. मग तिने आईचा उघडा हात आपल्या हातात घेतला आणि तिला हसू आलं. ते हसू मधेच थांबलं. ती वर झाडाकडे बघायला लागली, मग आम्हा पेट्यांकडे, मग मधमावशीकडे.

"मावशी, पेट्या माझ्या वाढदिवसालाच येतात ना?"

"तुझ्या बाबांचा तसा हुकूम आहे."

"आणि फुलं त्याच्या आधीच येऊन जातात."

"मी किती वर्षं तेच सांगते आहे," मधमावशी म्हणाली. "पण दरवेळी तुझ्या कानामागचं फूल मला खोटं पाडायचं."

आईने तोंडावर हात ठेवला. तिला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं की आपलं फूल कुणाच्या विरोधात साक्ष देत होतं.

"माझ्या दवाखान्यासमोर रस्त्यावर एक गुलाबी फुलांचं झाड आहे," कळी हळूहळू बोलत होती. "मी नवीन होते तेव्हा शाळांच्या परीक्षा संपल्या की ते फुलायचं. सुट्टीतली पोरं दात दाखवायला यायची आणि जाताना फुलं गोळा करायची. हल्ली पोरं येतात तेव्हा झाड नुसतं हिरवं असतं. मला वाटायचं, एकट्या त्या झाडालाच काहीतरी झालंय." तिने समोरच्या झाडाकडे बोट केलं. "थंडी लवकर संपते, उष्णता लवकर येते, आणि झाडं त्याप्रमाणे जागी होतात. त्यांना काही झालेलं नाही. हवा बदलली आहे, आणि आपण कॅलेंडर धरून बसलोय."

"फूल मिळालं का?" लांबून बाबांची हाक आली. ते काठी टेकत भिंतीपाशी आले. तिघींचे चेहरे पाहून त्यांचा सूर खाली आला. "काय झालं?"

आई उभी राहिली. त्या बाईला मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही ती मोठ्याने बोलली नाही. "अहो, तुम्ही म्हणता ना, वाढदिवसाच्या आधीची फुलं फसवी. फुलं फसवी नव्हती. मी फसवी होते." आणि तिने सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता मिशा थरथरणार. पण बाबा शेजारच्या दगडावर बसले आणि त्यांनी काठीने जमिनीवरची एक सुकलेली पाकळी उलटी केली.

"तू एकटी कशी?" ते म्हणाले. "झाडं दरवर्षी माझ्या नाकासमोर फुलत होती. मीच त्यांना सांगत होतो, आत्ता नको, वाढदिवस झाल्यावर या." मग ते मधमावशीकडे न बघता म्हणाले, "माश्यांना आळशी म्हणालो. त्यांनी ऐकलं असेल का?"

"त्यांनी कधीच सोडून दिलं," मधमावशी म्हणाली. "माझं अजून थोडं बाकी आहे. चहा पाजा, मग बघू."

त्या दिवशी कानामागे फूल न खोचता केक कापला गेला. आणि करवतवाल्याला एक वर्ष थांबायला सांगितलं. बाबा तेवढ्यालाच तयार झाले. बुंध्यांवरच्या लाल फुल्या तशाच राहिल्या.

परतीच्या वेळी मधमावशीने मला टेम्पोत चढवलं नाही. माझा तळ सैल झाला होता, खड्ड्यांतला प्रवास मला झेपत नव्हता. "ही निळी इथेच राहू दे," ती म्हणाली. "वर्षभर कुणीतरी घरी असलेलं बरं." मला भिंतीपासून उचलून फाटकाजवळच्या झाडाखाली ठेवलं. बाबांनी स्वतः माझा तळ ठोकून घट्ट केला. ठोकताना त्यांनी खिळा वाकडा घातला, पण मी बोलले नाही.

पुढचा हिवाळा उतरणीला लागला आणि बाबा रोज सकाळी चष्मा लावून झाडाखाली उभे राहायला लागले. आधी एकटेच. मग पोस्टमन थांबू लागला. मग शाळेची बस फाटकाशी हळू व्हायची आणि खिडकीतून पोरं विचारायची, "आजोबा, उमललं का?" बाबा मान हलवायचे. समोरच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या दारातली वेलही हल्ली घाईत असते. प्रत्येकाला आपापल्या दारातलं काहीतरी आठवायला लागलं. जो तो आपलंच झाड लहरी आहे असं समजून गप्प बसला होता.

शेवटी एक सकाळ आली. वाढदिवसाला अजून बराच अवकाश होता. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खिशातून फोन काढला.

"कळी, आज तुझा वाढदिवस आहे."

पलीकडून ती काहीतरी म्हणाली.

"कॅलेंडरचं मला नको सांगू. झाडाला सांग," बाबा म्हणाले आणि त्यांना इतकं हसू आलं की फोन हातातून पडायची वेळ आली. लगेच दुसरा फोन मधमावशीला गेला. दुसऱ्या दिवशी उजाडायला टेम्पो फाटकात होता, आणि त्यामागोमाग कळीही आली. आईने सगळ्यांच्या देखत, भर उजेडात, फाटकाजवळच्या झाडाचं फूल तोडून लेकीच्या कानामागे खोचलं. तिला टाचा उंच कराव्या लागल्या नाहीत.

सगळं एकदम गोड झालं असं समजू नका. लवकर आलेल्या फुलांना उशिरा आलेल्या थंडीची भीती असते. बहराच्या ऐन मध्यावर गारठा पडला तेव्हा घरातली सगळी माणसं संध्याकाळपासून झाडांवर पाणी फवारत राहिली. पाण्याचा बर्फ होतो आणि तोच फुलांना पांघरूण होतो, असं बाबांच्या वडिलांनी कधी काळी सांगितलं होतं. काही फांद्या करपल्याच. पण बाकीच्या वाचल्या, आणि ऊन वर आल्यावर माझ्या माश्या निघाल्या. दुकानं उघडी होती. त्या दिवशी त्या परतल्या तेव्हा त्यांच्या पायांना परागाचे गोळे एवढे लागले होते की दारातून आत शिरताना त्यांची चेंगराचेंगरी झाली. माझ्या जुन्या भिंती पुन्हा पहिल्या रात्रीसारख्या थरथरल्या.

त्या वर्षी टेकू शोधायला बाबांना अडगळीच्या खोलीत शिरावं लागलं. ते किती वर्षं तिथे पडले होते. करवतवाला विचारायला आला तेव्हा त्याला बसायला खुर्ची आणि खायला सफरचंद दिलं. खाऊन झाल्यावर तो स्वतःच म्हणाला, "मग मी निघतो." लाल फुल्या अजून आहेत. बाबा पुसू देत नाहीत. म्हणतात, "राहू द्या, मला दिसायला हव्यात."

मित्रांनो, आता मी फार थकले आहे. पण मला एक मागायचं आहे. मध मागत नाही, तो माझ्याकडे आहे. तुमच्या घरापाशी, शाळेच्या वाटेवर, कुठेही असेल ते एक झाड आपलं म्हणा. त्याचं पहिलं फूल कधी येतं ते बघा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघा. ते आधी आलं, तर त्याला फसवं म्हणू नका, लहरी म्हणू नका. ते तुम्हाला हवेची बातमी सांगत असतं. शेजाऱ्याला विचारा, त्याच्या झाडानेही तीच सांगितली असेल. हवा सुधारायचं मोठं काम मोठ्यांनी आणि तुम्ही मिळून करायचं आहे, आणि ते करता येण्यासारखं आहे. पण आधी बातमी तर ऐका. ऐकणाऱ्यांची बाग वाचते, हे मी माझ्या या तिरक्या झाकणाखालून पाहिलं आहे.

थांबा, जरा बाजूला सरका. कळीची आई येते आहे. अजून थंडी आहे, तिने बाबांचा स्वेटर घातला आहे. ती माझ्या शेजारी थांबली. तिने मान वर केली, एका फांदीकडे डोळे बारीक करून पाहिलं, मग आणखी जवळ जाऊन पाहिलं. तिने फूल तोडलं नाही. ती घराकडे वळली.

"अहो," तिने हाक मारली, "फोन लावा."